पापुद्रा

खेचरांच्या पलटणीत खोगिरं शिवायला गेलेला येसबा
तीन वर्षांनी कोल्हापुरात परतला,
तेव्हा पगाराच्या आधी त्यानं
तंबाखूची डबी काढली.

बाप हौदावर होता,
बाभळीच्या सालीनं कोपरापर्यंत तांबडा.
"काय हाय?"
"बगा की."

डबीत कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी,
एका कडेला जळून गोळा झालेलं.

लिंबाजीनं ते उन्हात धरलं,
आरपार जोतिबाचा डोंगर दिसला.
दोन बोटांत चोळलं. हुंगलं.
मग जिभेच्या टोकाला लावलं.
"आतडं. गाईचं.
कुणी सोललंय? हात चांगला हाय."

येसबा हसला नाही.
सालोनिकाच्या दलदलीत पडलेल्या
आगबोटीएवढ्या उडत्या जहाजाचं त्यानं सांगितलं:
फासळ्या ॲल्युमिनियमच्या,
पोटात वायूच्या पिशव्या,
पिशव्या ह्या असल्या आतड्यांच्या,
एकावर एक चिकटवलेल्या, टाका एक नाही.

"रातीचं यायचं.
आवाजाआधी तारं विझायचं,
तेवढ्याच जागंतलं.
पैल्या खेपंला नुस्तं बघून जायचं,
धक्का कुठं, तंबू किती.
दुसऱ्या खेपंला टाकायचं.
गोदाम गेलं. एका पाववाल्याचं घर गेलं.
माझी अकरा खेचरं.
हौसा तेवढी पहाटंपतुर उभी हुती."

लिंबाजी मध्येच म्हणाला,
"एका जहाजाला गाई किती?"
"गोरा सांगत हुता, दोन लाख."

वडगावच्या बाजारात आठवड्याला शंभर धरली
तर चाळीस वर्षांचा बाजार.
लिंबाजीनं बोटांवर केलं, पुन्हा केलं.

"आन् मांस?"
"शिपायांनी खाल्लं."
"कातडं?"
"बूट."
"म्हंजे काय बी वाया न्हाई घातलं,"
तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.
हौदापाशी थांबून,
"आतड्याखाली बसत्यात, त्यास्नी कोण शिवून घेतं?"
"सायेब लोक हायती आबा. सलाम ठोकत्यात."

तो तुकडा लिंबाजीनं एकदा हलगीवर चढवून पाहिला.
पहिल्याच टिपरीला फाटला.

डबी माझ्याकडं आहे. खिळे ठेवतो तिच्यात,
कापशीच्या जोडाला लागणारे बारीक.

येसबा पुढं कधी अंगणात झोपला नाही म्हणतात.
उंबऱ्यात बसायचा, मान वर,
ठरलेल्या एका तुकड्यातले तारे मोजायचा.
एखादा ढगाआड गेला
की आत येऊन
आधी दिवा फुंकायचा.