उणे अकरा

वसमत रोडला, वजनकाट्याच्या बाजूला
माझं दुकान. पत्र्याचं.
वीस लिटरच्या बादल्यांची उतरंड,
प्रत्येकीला निळं बूच.
ड्रायव्हर लोक त्याला युरियाच म्हणतात,
म्हणून पेरणीनंतर कुणीतरी येतंच
दोन पोती मागायला.
मी सांगते, बाबा, हा गाडीला पाजायचा,
धुरातलं विष मारायला.
तो विचारतो, मग गाडीला कणसं धरतात का?

इल्यास हळद भरून निघाला कारगिलला.
ताडपत्रीखालचा वास
दोन दिवस दुकानात राहिला.
म्हणाला, काठोकाठ ओता, भाभी.
मी चार बोटं जागा ठेवली.
गोठलं की फुगतं ते,
त्याला कूस बदलायला जागा लागते.
तो हसला, तुम्ही बर्फ कुठं पाहिला?

खरंय. मी पाहिलेला बर्फ
रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला,
भुसा लागलेला.
पण बादलीवर छापलंय, उणे अकरा.
परभणीत पारा चारावर आला
तरी पेपरात शेकोटीचा फोटो येतो.
त्या चाराच्या खाली
आणखी पंधरा पायऱ्या.
कुणाचं घर असेल तिथं?

म्हणून गेल्या मे महिन्यात
फरजानाच्या कुल्फीच्या फ्रीजरमधे
एक बाटली ठेवली होती,
वर चिठ्ठी डकवून, पिऊ नये.
सकाळी बाटलीचं पोट सुटलेलं,
आत पांढरं, रवाळ, मुकं.
पायरीवर उन्हात ठेवली.
चहाचे दोन कप होईतो
तेच पाणी, तोच नाकात शिरणारा वास.
बुडाशी गाळसुद्धा नाही.
गोठलं म्हणजे नासलं,
असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते.

पौषात, रात्री साडेतीनला फोन.
भाभी, युरियाचा दगड झाला.
सोनमर्गच्या पुढं उभा आहे. दिवा पेटलाय, पिवळा.
मागचा सरदारजी म्हणतो रॉकेल टाक,
एक म्हणतो मीठ,
एक जण टाकीखाली स्टोव्ह धरायला निघालाय.

मी गोधडीतून उठून बसले.
आमचे हे झोपेतच म्हणाले, कुणाचा?
म्हटलं, काही टाकू नको.
मीठ नको, रॉकेल नको,
माया म्हणून उकळतं पाणीसुद्धा नको.
गाडी चालू होते का?
होते.
मग चालू कर आणि बस.
इंजिनाचं गरम पाणी
नळीनं त्या टाकीतून फिरतं,
ते आपलं आपण सोडवतं.
घाई फक्त तुलाच आहे.

फोन नाही ठेवला त्यानं.
मीही नाही.
कानाला इंजिनाची घरघर,
मधेच त्याचं हातावर फुंकणं.
आमच्या दारात कुत्रं
चुलीच्या राखेत मुटकुळं करून.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं
आणि दिवा लावायचा धीर होईना.

मग तो म्हणाला, गेला.
माझ्या काळजात चर्र झालं. कोण रे?
दिवा, भाभी. पिवळा.

ऐक, मी म्हटलं,
गाडी बंद केलीस की
बॅटरीचा खटका लगेच पाडू नको.
नळीत राहिलेलं
तिला परत ओढून घेऊ दे.
हाव, म्हणाला. हाव, हाव.
आणि रेंज गेली.

सकाळी शटर वर केलं
तर निळ्या बुचांवर पांढुरकं काही.
बोटानं पुसून पाहिलं.
दवच होतं.