तीन नंबरचं मत

अस्तुरियासच्या डोंगरात, बंद खाणीच्या तोंडाशी तंबू.
तंबूत हीटर, दोन पडदे, ओलाया,
आणि खुर्ची नको म्हणत खोक्यावर बसलेला सेवेरिनो:
वय एक्क्याऐंशी, फुप्फुसात अजून थोडी खाण.

चौघे आत गेलेत.
दोन रणगाड्यासारखे पट्ट्यांवर, दोन चार पायांवर.
कुणी कुणाचा मुकादम नाही.
फाटा आला की बोली लागते:
मला इथून चाळीस मीटर, बॅटरी निम्मी.
मला पंचवीस.
मग तू जा.
रुसवा नाही, फुगवा नाही.
"आमच्या पाळीत असं कधी झालं नाही," सेवेरिनो म्हणतो.

जाता जाता ते रेडिओच्या डब्या टाकतात वाटेवर,
आवाज मागे पोचावा म्हणून.
डब्या संपल्या की मुक्यानं पुढे जायचं
आणि ठरल्या वेळी ठरल्या वळणावर परतायचं,
आपला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला जोडायला.

पडद्यावर नकाशा पसरतो बुरशीसारखा.
पांढरं म्हणजे पाहिलेलं, काळं म्हणजे भिंत,
करडं म्हणजे कुणालाच काही ठाऊक नाही.
पांढरं जिथे करड्याला टेकतं
तिथेच त्यांना जायचं असतं. सतत तिथेच.
(हे मी ओलायाला विचारून घेतलं. मी फक्त नोंदी ठेवते.)

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन नंबर म्हणाला:
हेल्मेट. खात्री शंभरात बासष्ट.
तीन नंबर पलीकडच्या बोगद्यातून तेच पाहून म्हणाला:
दगड. अठ्ठावन्न.
निवाड्याला एक नंबर निघाला, तो पाण्यापाशी अडला.
ओलायानं यादी काढली. सरावासाठी आत ठेवलेले
दोन पुतळे, एक फोन, एक दप्तर;
या फाट्यात काहीच नाही.

सेवेरिनोनं चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं.
"खुंटी आहे. खुंटीला जेवणाचा डबा.
उंदरांपासून वाचवायला तारेनं टांगायचो.
झाकण चेपलेलं, म्हणजे लाउरेआनोचा."

आम्ही गप्प.

"अहो, मेला नाही तो! दाढ दुखत होती, लवकर वर गेला.
दुसऱ्या दिवशी हा फाटाच बंद केला कंपनीनं.
डब्यावरून बायकोनं वर्षभर ऐकवलं त्याला."

यंत्रांच्या शब्दसंग्रहात अकरा वस्तू आहेत, डबा नाही.
ओलायानं 'इतर' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
तीन नंबर अजून दगडच म्हणतोय.

डब्याच्या पुढे करडं. पुन्हा बोली लागली.
मला साठ मीटर. मला पंचाण्णव.
"मला इथून पाचशे," सेवेरिनो खोक्यावरून म्हणाला,
"बॅटरी निम्मी."