गुरुवार रिकामा

घागकाकूंनी ते दारात, चपला घालताना सांगितलं नाही.
आत बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या,
सोमवारपासून दहा दिवस मी नाही.
कोणी आजारी आहे का? नाही.
लग्न, बारसं, जमिनीचं काही? नाही.
कोळथऱ्याला बहीण आहे,
तिच्या पडवीत झोपणार आहे.
अकरा वर्षं झाली, दुपारी डोळा मिटला नाही माझा,
दुपारी मी सगळ्यांना झोपवते.

मी मान हलवली.
जिन्यात राग आला, मग रागाची लाज.
कोपरखैरण्यात सेक्टर एकोणीसच्या त्या गल्लीपासून
आमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत
दोन्ही नीट मावले.

घरी वही आडवी धरून चौकोन आखले.
सोमवारी वृषाली रात्रपाळी करून सातला येईल,
म्हणजे ती सांभाळेल,
म्हणजे तिला जागं कोण ठेवेल?
मंगळवारी समोरच्या लीलम्मा, पण बारापर्यंतच,
पुढे त्यांची प्रार्थना असते, शिवाय गुडघे.
बुधवारी माझी अर्धी रजा, साहेबांच्या भाषेत ‘परत अर्धी’.
शुक्रवारी सासूबाई नाशिकहून.
त्यांच्या परतीचा चौकोन
आखायचा नाही, असं ठरलं.
सेक्टर आठमध्ये नवं पाळणाघर निघालंय,
भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरा,
दहा दिवसांसाठी घेत नाहीत,
किमान तीन महिने, अनामत वेगळी.
काउंटरवरच्या मुलीने मला पेन मात्र दिलं, जिराफाचंच.

गुरुवार तेवढा पांढरा राहिला.

गुरुवारी रुंजीला कडेवर घेऊन
वाशीला, कांदा-बटाटा मार्केटात, पेढीवर गेलो.
शेठ फोनवर होते, त्यांनी न पाहिल्यासारखं केलं
आणि मग ड्रॉवरमधून एक बिस्कीट पुढे सरकवलं.
दिवसभर ती कांद्याची सालं वेचून
माझ्या खिशात भरत होती.
जावळीच्या कोंडिबांनी तिला काट्यावर उभं केलं,
अकरा किलो दोनशे.
बारदान वजा करा, म्हणाले, म्हणजे फ्रॉक.
मी पावतीच्या मागे लिहून ठेवलं,
अकरा किलो पन्नास, निव्वळ.

दीड वाजता तिने सुरू केलं.
झाकू.
मी पंचा झाकला, तिने भिरकावला.
डब्याचं झाकण दिलं. ते नाही.
खिडकी झाकली, तिचे डोळे झाकले, माझे झाकले,
बाटलीला बूच लावलं, काढलं.
झाकू, बाबा, झाकू.
दोन वर्षांचं माणूस
इतक्या निराशेने कुणाकडे बघू शकतं
हे मला माहीत नव्हतं.

फोन काढला. काकूंचं नाव समोर आलं.
कोळथऱ्यालाही दीडच वाजला असणार.
पडवीत वारा असेल, बहिणीने हळूच
दार ओढून घेतलं असेल,
आणि एक बाई कुशीवर,
हाताखाली थोपटायला कुणीही नाही.
बोट तसंच अंगठ्याशी धरून
मी फोन खिशात टाकला, सालांमध्ये.

रडून रडून झोपली ती शेवटी,
रिकाम्या गोणींवर, कोंडिबांच्या मुंडाशाखाली.
डोळ्यांत पाणी आलं तरी
त्या बाजारात कुणी कारण विचारत नाही.

काकू परतल्या त्या उन्हाने काळवंडून,
चेहरा झोपेने जरा सुजलेला,
पिशवीत आमच्यासाठी आमसुलं.
रुंजी आधी माझ्या पायामागे लपली,
मग गेली, मागे वळून न बघता.
मी दारातच विचारलं,
काकू, ते झाकू म्हणजे काय हो?

त्या थांबल्या.
अहो, तेच मी तुम्हाला विचारणार होते.
रोज दीड वाजता म्हणते.
मला वाटलं, तुमच्या घरचं काहीतरी असेल.