समुद्र नीट आला आहे

फोटोत समुद्र नीट आला आहे.
खिडकीतली लाट न् लाट, लांबवर सी-लिंकचे दोर,
वलांडीवर उलटे टांगलेले बोंबील,
मोजून घ्या.
माणसं तेवढी आली नाहीत.
अकरा जण, डांबर ओतल्यासारखे.
कॅमेऱ्याने उजेड पाहिला आणि डोळे बारीक केले.
त्याचा काय दोष,
आपणही उन्हातून घरात शिरलो
की क्षणभर घरच्यांना ओळखत नाही.

"लेकीचा साखरपुडा," कुमुदिनी तांडेल म्हणाल्या,
पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह सोडवत.
"सगळ्यांचा असा हा एकच. चेहरे काढून द्याल?"
जणू चेहरे म्हणजे विहिरीत पडलेली कळशी
आणि प्रभादेवीच्या या पोटमाळ्यावर,
झेरॉक्सच्या दुकानावर,
मी गळ घेऊन बसलेला.

पडद्याच्या कोपऱ्यात आलेख:
सगळा डोंगर डाव्या भिंतीला टेकलेला,
उजव्या टोकाला एक सुळका, तो समुद्र.
मधे ओसाड.

सावल्यांची पट्टी सरकवतो. वीस. चाळीस.
आधी येते नथ.
मग स्टीलचं ताट, ताटातली साखरेची पुडी.
पंचावन्नला जावयाची कोवळी मिशी.
सत्तरला कळतं,
ज्याला मी उशी समजत होतो
ते मांडीवर झोपलेलं पोर आहे.

सत्तरनंतर रवा सुटतो.
लाल हिरवे कण भिंतीवर, गालांवर,
मासळी साफ केल्यावर मनगटाला राहतात तसे खवले.
ते हलक्या हाताने पुसायचे.
जास्त पुसलं की माणसाचं मेण होतं.
आणि कुठे कुठे काळं खरंच काळं असतं,
शून्य, शून्य, शून्य,
तिथे कितीही ओढा,
राख वर येते, माणूस येत नाही.

नंदू वाघधरे, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, म्हणायचे,
"काळोख सगळा उपसू नये रे. विहीर कोरडी पडते."
आणि चहाचा ग्लास थेट कीबोर्डवर ठेवायचे,
त्याबद्दल मात्र त्यांना कुणी काही बोलत नसे.

ऐंशीला दार उगवलं.
दारात बारावा.

मी अकराच मोजले होते.
पायात चपला, एक हात चौकटीला,
दुसऱ्यात कसलीशी पिशवी.
शर्टाच्या बाहीवर
इस्त्रीची ताजी घडी.

"हरेश्वर," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ खालच्या यंत्राचाच आवाज,
कुणाचं तरी आधार कार्ड, दोन्ही बाजू, पाच प्रती.

"होडीच्या वाट्यावरून भावाशी बोलणं तुटलेलं.
आला नाही म्हणून मी चौदा वर्षं..."
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.
आता विचारायला तोही नाही, हे नंतर सांगितलं,
चष्मा पुसताना, माझ्याकडे न बघता.

सवयीने मी ब्रश उचलला.
फक्त त्याच्यावर, अजून अर्धा स्टॉप.
नाक आलं. डोळे येऊ लागले,
कॅमेऱ्याकडे नव्हेत, ताटाकडे.

"बस," त्या म्हणाल्या. "बस, एवढंच."
"अजून येईल. आत आहे थोडा."
"असू दे. तो दारातच थांबला ना?
मग तिथवरच आणा."

मी त्याला मागे नेलं, थोडं थोडं.
चेहरा चौकटीत विरला,
घडी राहिली.

दीडशे झाले होते, दोनशे ठेवून त्या जिना उतरल्या.
प्रिंट सुकायला ठेवताना लक्षात आलं,
सावल्या उचलण्याच्या नादात
समुद्र पार फिका पडला होता.
तो नीट करायला दोन मिनिटं लागली असती.
मी तसाच जाऊ दिला.