जोडलेले: शून्य

विर्त्सूच्या धक्क्यावरून शेवटची फेरी मुहू बेटाकडे गेली
आणि मी मिठाची बादली दाराशी ठेवून
हात शेकायला आत आलो.
उर्वे जुन्या यंत्रापाशी बसलेली.
पहाटे चारला ते कायमचं बंद करायचंय.
सगळं नव्याकडे गेलंय, असं ताल्लिनचे लोक म्हणतात.
ताल्लिनचे लोक काय, बरंच म्हणतात.

"कुलूप लावण्याआधी आत कोण राहिलंय बघते,"
ती म्हणाली आणि चार अक्षरं दाबली:
आय पी सी एस.

पडद्यावर तीन तक्ते.
निरोपांच्या रांगा. सामाईक स्मृती. सेमाफोर.
मी रॅम्पवर मीठ टाकणारा माणूस,
मला यातलं ओ की ठो कळत नाही.
शेवटचं नाव तेवढं ओळखीचं निघालं.
हिल्लारनं ते मला बर्फावर समजावलं होतं,
समुद्र गोठला त्या वर्षी,
त्याच्या खटारा व्हॅनमध्ये, सीटचा पट्टा सोडून.
(पट्टा लावायचा नाही, हा बर्फाच्या रस्त्याचा नियम;
फुटलाच तर उडी मारता यायला हवी.)
पुढची गाडी लांब जाईपर्यंत
काठावरचा माणूस हात आडवा धरून उभा होता.
"तो हात म्हणजे सेमाफोर," हिल्लार म्हणाला.
"दोघं एकदम गेले की दोघंही तळाला."

उर्वेचं बोट मधल्या तक्त्यावर थांबलं.
चार हजार शहाण्णव बाइट.
जोडलेले: शून्य.
"प्रोसेस मेली तरी तिनं मागितलेली जागा मरत नाही,
कुणी हातानं मोडेपर्यंत,
नाहीतर यंत्र झोपेपर्यंत.
आणि हे अकरा वर्षं झोपलेलं नाही."
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, आकडा होता.
एक हजार सात.
हिल्लार गेल्यावर कंपनीनं त्याचं खातं पुसलं.
नाव गेलं.
आकड्याला कुणी कळवलंच नाही.

वरच्या तक्त्यात त्याच आकड्याची एक रांग:
निरोप तीन, वजन दोनशे बारा बाइट.
पाठवल्याची वेळ, सतरा फेब्रुवारी, रात्री तीन बारा.
घेतल्याची वेळ, नोंद नाही.

"काय लिहिलंय?"
"हे हत्यार ते सांगत नाही.
किती, किती जड, कुणाचं, कुणाला मुभा,
शेवटचा हात कधी लागला.
पोस्टमनला पाकीट कळतं, तेवढंच."
"मग उघड की."
"उघडता येईल. पण रांगेतला निरोप
घेतला की रांगेतून जातो.
वाचणं आणि पुसणं तिथे एकच."

थर्मासचं झाकण तिनं दोनदा फिरवलं, उघडलं नाही.
मी मनात म्हटलं, काय असणार,
तिसऱ्या खांबाजवळ बर्फाची जाडी बावीस सेंटिमीटर,
किंवा नुसतीच चाचणी, तेरे तेरे तेरे,
सगळेच नवं काही चालू करताना लिहितात तसं.
किंवा काही वेगळं. रात्री तीनला माणूस काहीही लिहितो.

तिनं नाही उघडलं.
मोडलंही नाही.
खणातून कागदी वही काढली, जिच्यात आम्ही
फेऱ्या, वारा आणि फुटलेल्या काचा लिहितो,
आणि पडद्यावरच्या ओळी बॉलपेननं उतरवल्या.
किल्ली. क्रमांक. बाइट. निरोप तीन.
जोडलेले, या रकान्यात तिनं शून्यच लिहिलं;
हिशेबात खोटं तिला खपत नाही.
मालक, इथे मात्र थांबली,
आकडा पाहिला,
आणि लिहिलं: हिल्लार ओत्सा.

चारला अजून वीस मिनिटं होती.
बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झालेली.
मी बादली उचलली.
"रॅम्पच्या डाव्या कडेला जास्त टाक," ती म्हणाली,
"काल तिथे दूधवाल्याची गाडी घसरली."