ओळीच्या शेवटची जागा

ब्रनो, फेब्रुवारी. पहाटेची पहिली ट्राम खालून गेली
तेव्हा मी एकशे बारावी फाइल उघडली.
काम साधं आहे: डेटाबेसच्या कोडमधल्या कॉमेंट्स,
त्यांत सांडलेल्या मोकळ्या जागा वेचायच्या.
कुठे टॅब आणि स्पेस एकाच ओळीत, नांदत नाहीत.
कुठे स्वल्पविरामानंतर शब्द अंगावर येतो.
कुठे ओळ संपली तरी पुढे काहीतरी आहे, दिसत नाही;
कर्सर तिथवर जाऊन येतो,
अंधारात जिना संपल्यावर
नसलेली पायरी पायाने चाचपावी तसा.

रादोवान म्हणतो, "एवढ्यासाठी पहाटे उठतेस?
कंपायलर कॉमेंट वाचतच नाही.
दारावरची पाटी पुसली म्हणून घर हलत नाही."
खरं आहे.
हे सगळं माणसांनी माणसांना लिहिलंय, यंत्राच्या पाठीमागे:
"आधी कुलूप लाव, मगच पान वाच."
"असं कधीही घडू नये. घडलं तर मला कळवा."
मला म्हणजे कोणाला? खाली नाव नाही.

बाबा विश्कोवच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
त्यांच्याकडे मोकळी जागासुद्धा शिशाची असे,
जाड, मध्यम, केसाएवढी;
तिला वजन होतं, स्वतःचा खण होता.
मी एकदा एक खिशात घालून शाळेत नेली.
दोन दिवस बाबा काही बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले,
"एका लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं
आत्ताच चिकटून बसलीत, वेंदुला."

दहा वाजता ती जुनी फाइल आली, बोहुमीरची.
त्याला मी दोनदाच भेटले,
एकदा लिफ्टमध्ये, एकदा त्याच्या निवृत्तीच्या केकभोवती.
पण त्याचा हात ओळखू येतो:
वाक्य संपलं की दोन स्पेस, नेहमी दोन,
जुन्या टाइपरायटरवर शिकलेला.
ओळ आठशे एक्केचाळीस:
"हे कुलूप इथेच का सोडतो, कारण"
आणि पुढे सतरा मोकळ्या जागा.
मोजल्या. परत मोजल्या.
अंगठा स्पेसवर ठेवून तो विचार करत असणार,
चहा निवत असणार,
आणि कारण सापडलं नाही,
किंवा सापडलं, आणि फोन वाजला.
पुढच्या ओळीत सरळ दुसराच विषय.

काढल्या. सतराच्या सतरा.
चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या. कशालाच पत्ता नाही.
पण इतिहास उघडला तर
त्या ओळीसमोर आता माझं नाव.
शब्द त्याचे, एकही अक्षर मी लावलेलं नाही,
नुसतं मागचं झाडलं,
आणि घर माझ्या नावावर.
रादोवान म्हणतो, मोकळ्या जागा वगळून
इतिहास बघायची सोय आहे की.
आहे. पण ती वापरायचं सुचायला हवं,
आणि रात्री तीनला सर्व्हर बसलेला असताना
कोणाला काय सुचतं?
तेव्हा कोणीतरी मलाच विचारेल,
हे कुलूप इथेच का सोडतेस, कारण?

दुपारी मी बोहुमीरला फोन लावला.
पलीकडे कोंबड्या, पत्र्यावर काहीतरी ठोकण्याचा आवाज.
ओळ वाचून दाखवली. "कारण" म्हणाले,
आणि मग, का कोण जाणे, तेवढा वेळ गप्प राहिले.
तोही.
मग म्हणाला, "नाही आठवत.
पण तू गप्प होतीस ना,
तेवढ्यात येईल येईल असं वाटत होतं."
आणि ठेवता ठेवता:
"कुलूप मात्र काढू नका हं."

संध्याकाळी बदल पाठवला. वर्णन एका ओळीचं:
कॉमेंट्समधल्या मोकळ्या जागा नीट केल्या.
वागणुकीत काही फरक नाही.
शेवटी दोन स्पेस पडल्या होत्या,
त्या पाठवल्यावर दिसल्या.