अंगठा चालत नाही

या रेणूला अंगठा चालत नाही.
बोटावरचा घाम नुसता लागला
की तो तुटतो, वाचायच्या आत फाटलेल्या चिठ्ठीसारखा.
म्हणून हातमोजे, म्हणून उणे ऐंशीचा फ्रीझर,
म्हणून केम्ब्रिजमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर
दारांच्या मुठीसुद्धा पुसून घेतात.

कायद्याला मात्र सही लागते.
आधी कुणी शोधलं, एवढाच वाद होता
दोन कंपन्यांत, एकवीस अक्षरांवरून:
ए, यू, जी, सी यांची एक ओळ,
जी पेशीत शिरून दुसऱ्या ओळीला म्हणते, गप्प.
त्या गप्पपणाच्या हद्दी मी लिहायचो.
'किमान एकोणीस, जास्तीत जास्त पंचवीस',
'यांसह, परंतु यांपुरते मर्यादित नाही';
बांध कोरतात तसा,
नांगराच्या एकेका तासाने पुढे सरकत.

वहीचं पान एकशे सदतीस. मार्च, बाहेर बर्फ.
डॉ. लिंडक्विस्टची सही, वेळ रात्री अकरा चाळीस.
खाली, साक्षीदाराच्या रेघेवर,
'वाचले व समजले' या छापील शब्दांपुढे
निळ्या शाईत, शाळकरी वळणाचं:
देओलिंदा फुर्तादो.
रात्रपाळीची सफाईवाली.
मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं.

जबानीच्या दिवशी समोरचा वकील सभ्यपणे वागला.
पाण्याचा ग्लास त्यानेच पुढे सरकवला.
'बाई, यातलं तुम्हाला नेमकं काय समजलं?'
दुभाष्याने तोंड उघडायच्या आत ती इंग्रजीतच म्हणाली:

'वडील बोटीवर होते, तिकडे पोव्होआला.
बत्तिसाव्या वर्षी पायांना ऊन कळेना, मग थंडी.
एकदा शेगडीपाशी बसले होते,
जळका वास मला आला, त्यांना नाही.
आमच्याकडे म्हणतात पावलांचा आजार.
यकृत एक वाईट वस्तू बनवत राहतं.
बाईंनी त्या रात्री उंदरांचे आकडे दाखवले.
बनणं थांबलं होतं.
मी दोनदा विचारलं. मग सही केली.'

लघुलेखिकेची बोटं थांबली,
निदान मला तसं वाटलं.
नोंदीत तसं काही नाही.

पुढे काय, काहीच नाही.
एका शुक्रवारी दोन्ही कंपन्यांनी समेट केला,
रक्कम काळ्या पट्टीखाली.
जबानी सीलबंद. मला खिडकीची केबिन.
पेटंटवर शोधकांची तीन नावं;
साक्षीदाराला तिथे जागा नसते.
नसावीच. नियम मीच तिला समजावला होता,
आणि ती म्हणाली होती, बरोबर आहे.

वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात.
त्यातली किती उरली, मला तोंडपाठ आहे.
वर्षभराच्या औषधाची किंमत
न्यू बेडफर्डमधल्या तिच्या घराएवढी.

गेल्या डिसेंबरात ती लिफ्टमध्ये भेटली,
आता आमच्याच इमारतीत, हातात पिवळे रबरी मोजे.
नेलिऊ अठ्ठावीसचा झाला, म्हणाली,
मासळीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.
तपासणीचं पाकीट आलंय,
चमच्यांच्या खणात ठेवलंय.
तो म्हणतो तू उघड, मी म्हणते तू.

मला काही सुचलं नाही.
आयुष्यभर पोटकलमं लिहिली,
आणि एक साधं वाक्य येईना.

माझा मजला आला.
तिने उजवा मोजा उतरवला
आणि अंगठ्याने बटण दाबून धरलं,
मी बाहेर पडेपर्यंत.